भिंतीवरचा फोटो आणि फ्लॅटचा भाव

गेल्या महिन्यात आम्ही आमचे कल्याण पूर्वेचे जुने घर विकायला काढले. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावरचे वन रूम किचन. वडिलांनी रेल्वेच्या नोकरीत असताना कर्ज काढून ते घेतले होते. गावकुसाबाहेरच्या घरात जन्मलेल्या माणसाने स्वतःच्या नावावर केलेली ती पहिली मालमत्ता. त्या घरात आमचे शिक्षण झाले, बहिणीचे लग्न ठरले, आईचे पुण्यानुमोदन झाले. आता मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी रक्कम उभी करायची आहे, म्हणून ते विकणे भाग आहे. ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. आपल्या समाजातली नोकरदारांची पहिली पिढी निवृत्त झाली, तिच्यातले कित्येक जण आज आपल्यात नाहीत, आणि त्यांनी पै-पै जोडून घेतलेली घरे आता बाजारात येत आहेत. म्हणूनच आमच्या घरी जे घडले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रपंच.

घर दाखवायला इस्टेट एजंट आला. माणूस धंद्यात मुरलेला आणि बोलायला चांगला. त्याने घरभर फिरून आम्हाला सूचना दिल्या. मोरीतला गळका नळ आधी बदला. छताला ओल आली आहे, ती बुजवा आणि मगच रंग काढा. नुसता रंग मारला तर गिऱ्हाईक बोट लावून बघते. माळ्यावरचे सामान उतरवा, खोली मोठी दिसते. पिवळे बल्ब काढून पांढऱ्या ट्यूब लावा. दारातल्या चपला हलवा. सोसायटीची थकबाकी भरून पावती हाताशी ठेवा. गिऱ्हाईक पहिल्या दोन मिनिटांत मत ठरवते, पुढचा अर्धा तास ते फक्त भाव पाडायला बोलते, असे त्याचे म्हणणे. आम्ही सगळे लिहून घेतले. यातला एकही सल्ला चुकीचा नव्हता.

मग तो बाहेरच्या खोलीत आला, भिंतीकडे पाहून थोडा घुटमळला आणि म्हणाला, "साहेब, राग मानू नका. गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत तो फोटो तेवढा आत ठेवा. खालची बुद्धाची मूर्ती राहू द्या, ती शोभून दिसते. बाबासाहेबांचा फोटो तेवढा." आम्ही विचारले, का? तो म्हणाला, "मला काही नाही हो. मी सगळ्यांकडे जेवतो. पण भावात दोन-तीन लाखांचा फरक पडतो, आणि नुकसान तुमचेच आहे."

त्या माणसावर आम्ही रागावलो नाही. त्याने बाजाराचा नियम सांगितला. या देशात घराची किंमत विटा, सिमेंट, चटई क्षेत्र आणि स्टेशनपासूनचे अंतर यांवर ठरते, असे अर्थशास्त्राची पुस्तके शिकवतात. त्या पुस्तकांत जे लिहिलेले नसते ते एका एजंटाने आम्हाला आमच्याच घरात उभे राहून सांगितले. घराला जात असते, आणि तिचीही किंमत वजा होते.

बुद्धाची मूर्ती चालते आणि बाबासाहेबांचा फोटो चालत नाही, यातले मर्म समजून घेतले पाहिजे. आज मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात जा. स्वागतकक्षात बुद्धाचे शिल्प दिसेल, शेजारी पाण्याचा छोटा झरा, मंद दिवे. नमुना फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या कोपऱ्यात बुद्धाचे मस्तक ठेवलेले असते. शांततेची जाहिरात करायला तथागत हवेत. पण ज्या महापुरुषाने १९५६ साली नागपूरला लाखोंना त्या तथागतांच्या धम्माकडे नेले, त्यांचे छायाचित्र त्याच भिंतीवर आले की गिऱ्हाईक बिचकते. कारण नुसता बुद्ध दिसला तर घरमालक कोण हे कळत नाही. बाबासाहेब दिसले की कळते. बाजाराला सजावटीची अडचण नाही, त्याला माणसाची अडचण आहे.

घर आकर्षक कसे करावे, यावर हल्ली पुष्कळ सांगितले जाते. रंगसंगती, उजेड, मोकळी जागा, स्वच्छ स्वयंपाकघर. हे सगळे खरेच आहे. पण ज्या गोष्टींवर घरांचे भाव खरोखर चढवले जातात त्यांची यादी वेगळी आहे. जाहिरातीतली भाषा नीट वाचा. 'वास्तुशास्त्राप्रमाणे' म्हणजे दार कोणत्या दिशेला आहे एवढेच नव्हे. घर घेणारा कोणत्या संस्कारांचा अपेक्षित आहे, तेही त्यात आले. 'शुद्ध शाकाहारी परिसर' म्हणजे भाजीपाल्याची आवड नव्हे, तर शेजारी कोण नसेल याची हमी. 'सुसंस्कृत शेजार', 'एकाच समाजाची सोसायटी', 'फक्त फॅमिलीसाठी' या सगळ्या शब्दांमागे एक फाटक आहे आणि फाटकावर रखवालदार आहे. मुंबईच्या दलालांच्या बोलीत तर 'कॉस्मोपॉलिटन सोसायटी' हा शब्द रूढ आहे. कोणालाही घर मिळते अशी इमारत, असा त्याचा अर्थ. कोणालाही घर मिळणे ही गोष्ट जिथे मुद्दाम सांगावी लागते, तिथे बाकीच्या इमारतींचा रिवाज काय असेल हे वेगळे सांगायला नको.

पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, क्लब हाऊस या सुविधा माहितीपत्रकात छापलेल्या असतात. सर्वांत महागडी सुविधा छापलेली नसते. ती म्हणजे नको त्या माणसांची अनुपस्थिती. जुन्या गावात ती फुकट मिळत होती, कारण तिथे वेस होती. शहरात ती प्रति चौरस फूट दराने विकत मिळते.

विकणाऱ्याची ही कथा, तर भाड्याने घर शोधणाऱ्याची त्याहून कठीण. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येणाऱ्या आपल्या मुलामुलींना विचारा. फोनवर खोली रिकामी असते. मग प्रश्न सुरू होतात. आडनाव काय? आडनावावरून कळले नाही तर गाव कुठले? गावावरूनही कळले नाही तर नॉनव्हेज खाता का? तेवढ्यानेही भागले नाही तर घरी कोणते देव आहेत? या चार प्रश्नांच्या शेवटी खोली "आताच गेलेली" असते. जातीचे नाव कोणी घेत नाही. म्हणून कोणाला पुरावाही देता येत नाही.

पण पुरावा अगदीच नाही असे नव्हे. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत सवर्ण, दलित आणि मुस्लिम अशा वेगवेगळ्या नावांनी भाड्याच्या घरांची चौकशी करून पाहिली. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उत्पन्न, शिक्षण, नोकरी सारखी असूनही दलित नावांना नकार मिळाला किंवा वाढीव भाडे आणि अटी सांगितल्या गेल्या. मुस्लिम नावांचे हाल त्याहून अधिक झाले. त्याआधी २०१२ साली आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात २००१ च्या जनगणनेच्या आधारे देशातील सात मोठ्या महानगरांचे वॉर्ड तपासले गेले. त्याचा निष्कर्ष असा की, ही शहरे आर्थिक स्थितीपेक्षा जातीच्या रेषेवर अधिक विभागलेली आहेत. म्हणजे पैसा आला की वस्ती बदलते, हा समज अर्धाच खरा आहे. खिशात पैसा आला तरी दार आडनावालाच उघडते.

आपल्याला हे ऐकून आश्चर्य वाटू नये. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या तरुणाला शहरात राहायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि काही दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. भाडे द्यायला पैसे नव्हते म्हणून ही वेळ आली नव्हती. त्या घटनेला शंभरावर वर्षे झाली. काठ्या गेल्या. त्यांच्या जागी "आताच गेली हो खोली" हे गोड वाक्य आले. नाव बदलून घर मिळवण्याची युक्ती मात्र तशीच राहिली. आपल्यातल्या कितीतरी जणांनी दारावरची पाटी नुसत्या पहिल्या नावाची केली आहे, हे आपण सगळे जाणतो.

मग कायदा काय करतो? संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले. खासगी राहत्या घराचा उल्लेख मात्र त्या यादीत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये तो आहे. कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे यापासून अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला रोखले तर तो गुन्हा आहे. कलम १२ तर असे सांगते की, अशी कृती अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडली असेल, तर ती अस्पृश्यतेमुळेच घडली असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा हे संरक्षण आपल्यालाही आहे. शिक्षा मात्र वाचा. एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. आजच्या एखाद्या बऱ्या सोसायटीचा एका महिन्याचा मेंटेनन्सही यापेक्षा जास्त असतो.

दुसरीकडे, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, सहकारी संस्था आपल्या उपविधीत सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवू शकते. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा आधार त्यासाठी घेतला गेला. पारशी समाज संख्येने लहान आहे, त्याची चिंता आम्ही समजू शकतो. पण जो दरवाजा अल्पसंख्याकांच्या नावाने उघडला जातो त्यातून बलवान समाज आधी आत शिरतात. लहान समाजाचे एकत्र राहणे आणि मोठ्या समाजाचे दुसऱ्याला बाहेर ठेवणे यांत फरक आहे, आणि तो फरक या निर्णयाने पुरेसा राखला नाही, असे आमचे मत आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला केवळ मराठी असल्यामुळे कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. महाराष्ट्र पेटून उठला. वाहिन्यांवर चर्चा झाल्या, सर्व पक्षांचे पुढारी बोलले, जागा नाकारणाऱ्यांना माफी मागावी लागली. ते योग्यच झाले. पण आमचा एक साधा प्रश्न आहे. त्या दिवशी जे खवळले, त्यांतल्या किती जणांच्या स्वतःच्या सोसायटीत बौद्ध किंवा मातंग भाडेकरू आहे? मराठी माणसाला नकार मिळाला तर तो अस्मितेचा प्रश्न होतो, आणि मराठी दलिताला मराठी सवर्णाने नकार दिला तर तो घरमालकाचा खासगी प्रश्न होतो. ही अस्मिता कोणाची, ते यावरून ओळखावे.

आता आपल्या वस्त्यांकडे वळू. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. निर्णय चांगला होता. अपमान करणारी पाटी उतरलीच पाहिजे. पण भीमनगर म्हटल्यावर घर घेणाऱ्याला काय कळायचे ते कळतेच. नाव बदलले म्हणून भाव बदलत नाही, कारण भाव पाटीवरून ठरत नाही. नळाला पाणी किती वेळ येते, गटार उघडे आहे की बंद, रस्ता किती रुंद आहे, रुग्णवाहिका आत येते का, बँक कर्ज देते का, यांवर तो ठरतो. या सोयी आपल्या वस्तीत सर्वांत शेवटी येतात. मग त्यांच्या अभावी घराला भाव नाही. भाव नाही म्हणून तारण ठेवून मुलांच्या शिक्षणाला कर्ज मिळत नाही. शिक्षण अडले की पुढची पिढी त्याच घरात. आधी वंचित ठेवायचे आणि मग वंचितपणाबद्दल किंमत कापायची, असा हा हिशेब आहे.

आणि हीच जागा आपण उठून गेलो की सोन्याची होते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत गिरणी कामगारांची कुटुंबे तीन-चार पिढ्या राहिली. वरळीच्या चाळींनी १९७४ ची दंगल पाहिली, पँथरच्या तरुणांवरचे हल्ले पाहिले. त्या काळात तिथे घर घ्यावे असे कोणा गुंतवणूकदाराला वाटले नाही. आज पुनर्विकासात मूळ रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. हा रहिवाशांच्या दीर्घ चिकाटीचा विजय आहे, आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. पण त्याच जमिनीवर विक्रीसाठी जे मनोरे उभे राहायचे आहेत, त्यांच्या जाहिरातीत चाळीचा इतिहास येणार नाही. आपण राहतो तोवर ती 'वस्ती' असते. आपण बाजूला झालो की तीच 'प्राइम लोकेशन' होते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या किती तरी प्रकल्पांत हेच दिसते. एकाच भूखंडावर पुनर्वसनाची इमारत एका कोपऱ्यात, विक्रीची इमारत पुढे, मध्ये भिंत आणि दोन वेगवेगळी फाटके. गावाची वेस सिमेंटमध्ये पुन्हा बांधली गेली.

व्यवस्थेला दोष देऊन लेख संपवणे सोपे आहे. पण आपल्या हातात जे आहे तेही पाहिले पाहिजे. आपल्या घरांना भाव कमी मिळतो त्याचे एक कारण जात आहे, हे खरे. दुसरे कारण आपली कागदपत्रे आहेत, हेही खरे. वडील गेले आणि घर अजून त्यांच्याच नावावर, असे आपल्यात घरोघरी आहे. नामनिर्देशन झाले म्हणजे मालकी मिळाली असा गैरसमज आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने विश्वस्त असते, वारसांचा हक्क त्याने जात नाही. भावाभावांत बोलणे होत नाही, वारसपत्र कोणी काढत नाही, आणि घाईच्या वेळी हेच घर निम्म्या भावात जाते. म्हणून घर विकायचे असो वा नसो, नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचे भागपत्र, मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि भोगवटा प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवा. सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, ते पाहा. बिल्डर अभिहस्तांतरण करून देत नसेल, तर २००८ च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला आहे. उद्या पुनर्विकास आला तर जमीन कोणाच्या नावावर आहे यावरच सगळे ठरते. स्वच्छ कागद हीच घराची सर्वांत मोठी सजावट आहे. रंग त्यानंतर.

गावाकडच्या बांधवांनी तर अधिक सावध राहावे. १९५८ च्या कायद्याने महार वतने संपली आणि जमिनी आपल्या लोकांना नव्या शर्तीवर परत मिळाल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. ही अट आपल्या संरक्षणासाठी आहे. पण शहर जवळ आले की दलाल मुखत्यारपत्रावर सह्या घ्यायला दारात उभे राहतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहाराने राज्य गाजले, ते वाचकांच्या स्मरणात असेल. आकर्षक गृहप्रकल्पांच्या पायाखाली कोणाची जमीन आहे, हे नमुना फ्लॅटमध्ये कधी सांगितले जात नाही. ते आपल्यालाच माहीत असावे लागते.

सोसायटीची समिती घर विकू देत नाही किंवा भाडेकरू ठेवू देत नाही, असे सांगून अनेकांना अडवले जाते. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट विकायला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही, आणि भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवणे पुरेसे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. नाकारले तर निबंधकाकडे दाद मागता येते. बिल्डरने वाटपाच्या वेळी ग्राहकांत भेदभाव करायचा नाही, हे रेराच्या घोषणापत्रातही येते. नकार तोंडी मिळाला तर तो लेखी मागा. मोबाइलवरचे संदेश पुसू नका. एजंटाने पाठवलेली 'फक्त अमुक समाजासाठी' अशी जाहिरात जपून ठेवा. आपले वकील मित्र प्रत्येक जिल्ह्यात आहेत. वर्षाला एक जरी प्रकरण नेटाने तडीस गेले, तरी समित्यांच्या बैठकांतली भाषा बदलेल.

आता थोडे कटू बोलतो. आपल्यातल्या ज्यांची दोन-दोन, तीन-तीन घरे झाली आहेत, ते भाडेकरू कसा निवडतात? एका बौद्ध घरमालकाने मुस्लिम कुटुंबाला "सोसायटी चालवून घेत नाही" असे सांगून परत पाठवलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. भटक्या जमातीतल्या मुलीला, एकट्या राहणाऱ्या नोकरदार बाईला, मातंग बांधवाला आपल्याच माणसांनी नकार दिल्याची उदाहरणे आहेत. ज्याच्या तोंडावर दार आपटले गेले आहे त्याने हातात चावी येताच तेच दार दुसऱ्याच्या तोंडावर आपटावे, याला प्रगती म्हणता येणार नाही. आपली घरे भाड्याने देताना आपण एकच अट ठेवावी. भाडे वेळेवर द्या आणि घर नीट ठेवा. आपल्या प्रत्येक शहरात अशी शे-दोनशे घरे जरी उभी राहिली, तरी शिकायला येणाऱ्या मुलांना नाव लपवावे लागणार नाही. विहारांनी आपल्या फलकावर अशा घरांची माहिती लावायला सुरुवात करावी. त्याला सरकारी योजना लागत नाही, अनुदान लागत नाही.

शेवटी आमच्या घराकडे येतो. नळ बदलला, ओल बुजवली, रंग काढला, माळा रिकामा केला. घर खरोखरच छान दिसू लागले. वडील असते तर त्यांनी हे आधीच का नाही केले म्हणून आम्हाला दटावले असते. फोटोचा प्रश्न घरात निघाला. आम्ही काही ठरवायच्या आधी मुलगीच म्हणाली, "ज्यांच्यामुळे हे घर आले त्यांनाच आत ठेवायचे? मग फी मला गोड लागायची नाही." आम्ही फोटो उतरवला. मागची भिंत रंगवली, काच पुसली आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावला.

आतापर्यंत चार जण घर पाहून गेले. दोघांनी भिंतीकडे एकदा पाहिले, पाण्याच्या टाकीबद्दल उगाच चार प्रश्न विचारले, आणि पुन्हा फोन केला नाही. फोटोमुळे की चौथ्या मजल्याच्या गळतीमुळे, आम्हाला माहीत नाही. नकाराचे कारण कोणी सांगत नाही, हेच तर त्याचे बळ आहे. तिसऱ्याने भाव फार पाडून मागितला. चौथे जोडपे परवा येऊन गेले. ते फोटोवर काही बोलले नाहीत, स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूला उघडते ते पाहिले, कागदपत्रांची फाइल मागितली आणि बँकेत विचारून सांगतो म्हणाले. अजून निरोप नाही. आम्ही वाट पाहत आहोत. मुलीच्या फीची तारीख जवळ येत आहे आणि दोन-तीन लाख ही आमच्यासारख्यांना लहान रक्कम नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्या बांधवाने अशा वेळी फोटो आत ठेवला असेल त्याला आम्ही दोष देणार नाही. दोष त्याला फोटो आत ठेवायला लावणाऱ्या बाजाराचा आहे.

बाबासाहेबांनी परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षे संसार आणि अभ्यास केला, आणि मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. ते बांधताना कोणत्या गिऱ्हाईकाला ते आवडेल याचा विचार त्यांनी केला नाही. पुस्तके कुठे राहतील याचा केला. आजही लोक त्या घरापुढे येऊन उभे राहतात, आणि त्याचा चौरस फुटाचा दर कोणी विचारत नाही. आपल्या घरांनाही योग्य भाव मिळालाच पाहिजे. तो आपल्या आईवडिलांच्या कष्टाचा आहे आणि एक रुपयाही कमी घेऊ नये. पण नाव लपवून मिळणारे दोन-तीन लाख हा घराचा भाव नाही. ती आपल्या गप्प राहण्याची किंमत आहे, आणि तिचा हप्ता आपल्या मुलांना भरावा लागतो.